थ्रोवर ऑफसाइड नसतो

इंदुरात फुटबॉल खेळणाऱ्या मराठी मुलाला घरचे लोक बरीच वर्षं मनावर घेत नाहीत. आमच्या आजोबांच्या लेखी खेळ म्हणजे क्रिकेट आणि क्रिकेट म्हणजे होळकरांचा संघ: सी. के. नायडू, मुश्ताक अली, चार वेळा जिंकलेली रणजी. २०२२ साली चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून रणजी जिंकली, तेव्हा राजेंद्रनगरात आमच्या गल्लीत चक्क दोन तट पडले, कारण निम्म्या घरांचं मन अजून मुंबईत. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघानं एका मोसमात दोन कप आणले, इंदूरचा आंतरमहाविद्यालयीन आणि ग्वाल्हेरला राज्यभरातल्या कॉलेजांच्या निमंत्रित स्पर्धेचा. बातमी आतल्या पानावर चार ओळींची आली आणि सोबतचा फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी संघाचा होता. आजोबांनी तरी ती कापून ठेवली.

भेटेल तो विचारतो, किती गोल मारले? फार नाही मारले. आमच्याहून बॉल चांगला खेळवणारे दोन-तीन संघ तर आम्हालाच दिसत होते. आम्ही गोल खात नव्हतो, आणि आमच्याकडे एक थ्रो होता, म्हणजे बाहेर गेलेला बॉल साइडलाइनवरून हातानं आत टाकतात तो. बाकी सगळा मोसम म्हणजे फाइल, चुना आणि बसचा प्रवास.

ट्रायल ऑगस्टात झाली, भर पावसात. माळव्याची काळी माती ज्यानं पावसाळ्यात तुडवली नाही त्याला हे कळायचं नाही. दहा पावलांत बूट दुप्पट जड होतो, स्टडच्या मधल्या जागा बुजतात आणि माणूस गुळगुळीत तळव्यांवर घसरत खेळतो. तीच माती दिवाळीनंतर वाळून फाटते आणि भेगेत पाय गेला की घोटा गेलाच. मधले पाच-सहा आठवडे काय ते मैदान खेळण्याजोगं असतं. क्रीडा अधिकारी सर स्वतः हॉकीवाले. त्यांनी ट्रायल घेतली, तीस-पस्तीस पोरांतून वीस निवडली आणि स्पष्ट सांगितलं, "मला फुटबॉलमधलं फार कळत नाही. कागद मी सांभाळतो, खेळ शिकवायला माणूस आणतो." कळत नसताना शिकवणारे सर मी शाळेपासून पाहिले होते, त्यामुळे हे वाक्य मला फारच आवडलं.

आमच्या संघात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. कप्तान महू, गोली धार, सेंटर फॉरवर्ड खंडवा, राइट बॅक बडवानी. इंदूरच्या पोरांना कॉलनीवरून हाका. मी राजेंद्रनगर. मी स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. माझ्या जोडीचा दुसरा स्टॉपर सुखलिया, संघातला सर्वांत उंच, जरा वाकूनच चालणारा. रेफरी आपसात चक्रावायचे. "धार, सोड!" "खंडवा, परत ये!" असं ओरडणं बाहेरच्या माणसाला बसस्टँडवरच्या कंडक्टरसारखं वाटत असणार.

सरांनी आणलेला माणूस म्हणजे सुभेदारसाहेब. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन महूलाच घर केलेले. महूची छावणी म्हणजे इंदूरच्या फुटबॉलचा मागचा दरवाजा. तिथे फौजेची मैदानं आहेत, गवत आहे, आणि लहानपणापासून फौजी पोरांत खेळून तयार झालेली मुलं आहेत. आमचा कप्तान त्यातलाच. साहेब रोज महूहून बसनं यायचे, साडेपाचला मैदानावर. हिंदी कडक, मराठी त्याहून कडक. मला आणि कप्तानाला मराठीत झापायचे आणि बाकीच्यांना हिंदीत, त्यामुळे आम्हाला काय बोलणी बसली ते बाकीच्यांना अंदाजानंच कळायचं.

पहिले काही दिवस त्यांनी आम्हाला बॉलच दिला नाही. पोरं वैतागली. खंडवा तर म्हणाला, "भिया, हे फुटबॉल आहे की परेड?" साहेबांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, हिरवी, बाजारात मीटरवर मिळते ती. आम्हा चौघा बॅकच्या, म्हणजे बचावपटूंच्या, कमरेला एकामागोमाग एक बांधली, दोघांमध्ये आठ-दहा पावलांचं अंतर. मग स्वतः मैदानाच्या मध्ये उभे राहून नुसता हात दाखवायचे. हात डावीकडे गेला की चौघांनी डावीकडे सरकायचं, हात पुढे आला की चौघांनी मागे, हात खाली पडला की चौघांनी एकदम पुढे. एक जण जरी मागे राहिला तरी दोरी ताणून त्याचा शेजारी कोलमडायचा. पहिल्या दिवशी सुखलियानं मला दोनदा चिखलात पाडलं आणि मी त्याला निदान तेवढ्याच वेळा. दोरीचे वळ कमरेवर उठले. आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, सराव. ती म्हणाली, "हा कसला सराव, बैलाला पण असं बांधत नाहीत."

पण आठवडाभरात दोरी सैल पडायला लागली. म्हणजे दोरी तीच, तिला ताण बसेना. मग साहेबांनी ती सोडली आणि आम्हाला ओरडायला शिकवलं. पास सुटताना समोरचा खेळाडू बॉलच्या आणि आपल्या शेवटच्या बॅकच्याही पुढे, गोलकडे असला तर तो ऑफसाइड. बॅकनी ऐन वेळी पुढे सरकून त्याला तसं पकडायचं, हा सापळा. तो सगळ्यांना ऐकून माहीत असतो, लावता येत नाही, कारण चौघांतला एक नेहमी घाबरून मागे पळतो. साहेबांचा नियम असा: समोरचा खेळाडू पास द्यायला मान खाली घालतो, त्या क्षणी "बाहेर!" म्हणायचं आणि चौघांनी दोन पावलं पुढे. हाक एकानंच द्यायची, आणि ती माझ्याकडे होती. बाकी तिघांनी बॉलकडे बघायचं नाही, आवाजाकडे कान ठेवायचा. चुकलो तर माझी चूक, ऐकलं नाही तर त्यांची. इतकी सोपी वाटणी असल्यामुळेच बहुधा भांडणं कमी झाली.

थ्रोची गोष्ट वेगळीच. बडवानी मुळात फुटबॉलचा नव्हताच. तो भालाफेकीतून आलेला, ॲथलेटिक्समध्ये त्या वर्षी नंबर लागला नाही म्हणून इकडे वळलेला. राइट बॅक म्हणून बेतास बात. एकदा सरावात बॉल बाहेर गेला आणि त्यानं तो साइडलाइनवरून थेट पेनल्टी बॉक्सच्या मध्यावर टाकला. साहेबांनी शिट्टी वाजवली. "परत टाक." परत तिथेच. साहेब काही बोलले नाहीत, वहीत काही तरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची परीक्षाच घेतली. थ्रोवरून सरळ गोल झाला तर? नाही धरत. पाय उचलला तर? फाउल थ्रो. समोरच्यानं किती लांब उभं राहायचं? इथे सगळे गप्प. दोन मीटर. आणि थ्रोवर ऑफसाइड असतो का? निम्मे म्हणाले असतो, निम्मे म्हणाले नसतो. कायद्याच्या पुस्तकात अकराव्या नियमात सरळ लिहिलंय: गोलकिक, थ्रो आणि कॉर्नर, या तिन्हींवर थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही. साहेब म्हणाले, "जे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत नाही, ते समोरच्यांतल्या निम्म्यांनाही माहीत नसणार. त्या निम्म्यांवर आपण खेळायचं."

मग थ्रोचा डाव बसवला. उजव्या बाजूला, त्यांच्या बॉक्सजवळ थ्रो मिळाला की सुखलियानं जवळच्या खांबाशी जायचं, मी त्यांच्या शेवटच्या बॅकच्याही मागे, गोलीच्या शेजारी. बडवानी बॉल पुसणार. त्यासाठी आम्ही एक जुना पंचा साइडलाइनवर ठेवायचो, माझ्या आजोबांचाच. थ्रो सुखलियाच्या डोक्यावर, त्यानं मागे टोलवायचा. अडचण एकच. थ्रो थेट माझ्याकडे आला तर ऑफसाइड नाही, पण सुखलियाचं डोकं लागून आला तर तिथून नवा हिशेब सुरू होतो, आणि मी पुढे असलो तर ऑफसाइड. म्हणून सुखलिया उडी मारायला लागला की मला एक पाऊल मागे, बॉलच्या रेषेत यावं लागायचं. हे एक पाऊल आम्ही रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत घोटलं.

सप्टेंबरात महूला एका फौजी युनिटशी सरावाचे सामने झाले. त्यांनी आम्हाला धुतलं. स्कोअर सांगत नाही. पण परत येताना साहेब खुशीत होते, कारण सहा वेळा आम्ही त्यांना ऑफसाइड पकडलं होतं. आम्हाला मात्र कळेना की एवढे गोल खाऊन खूश कसलं व्हायचं.

गणपतीत सराव बुडाला. अनंत चतुर्दशीची रात्र म्हणजे इंदुरात गिरण्यांच्या झांक्यांची, चित्ररथांची रात्र. गिरण्या बंद पडून वर्षं झाली तरी झांक्या निघतात आणि पहाटेपर्यंत शहर रस्त्यावर असतं. सकाळी साडेपाचला मैदानावर साहेब आणि मी, दोघंच. मी शहाणा म्हणून नव्हे, आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि त्या रात्री मला ताप होता म्हणून. साहेबांनी मला घरी पाठवलं आणि बाकीच्यांना आठवडाभर मैदानाला राउंड मारायला लावले.

आता कागद. कॉलेजच्या खेळात अर्धा सामना ऑफिसात खेळला जातो, हे बाहेर कोणाला माहीत नसतं. प्रत्येक खेळाडूची दहावीची मार्कशीट, कारण जन्मतारीख तीच धरतात. चालू वर्षाच्या फीची पावती. मागच्या वर्षीचा निकाल. प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा पात्रता फॉर्म, त्यावर चिकटवलेला फोटो, आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर आलाच पाहिजे. आंतरविद्यापीठ स्पर्धांची २५ वर्षांची वयोमर्यादा इथेही लावतात. सरांची एक निळी फाइल होती, ती ते बॅगेत ठेवायचेच नाहीत, काखेत धरायचे. आम्ही त्यांना मागून हसायचो.

इंदुरातले पहिले सामने फारसे सांगण्यासारखे नाहीत. पाऊस ओसरलेला, मैदान बरं. आम्ही १-० किंवा २-० असे जिंकत गेलो. बघायला पन्नासेक माणसं, त्यांतली निम्मी पुढच्या सामन्याची वाट बघणारी. लाइन आम्हीच आखायचो, सामन्याच्या सकाळी चुन्यानं. पेनल्टीचा ठिपका गोलपासून ११ मीटर, तो सुखलियाच्या अकरा ढांगांनी मोजायचा नाही हे साहेबांनी बजावलं होतं, टेप आणायची. जाळी सुतळीनं बांधायची. एका खांबाला वरचा हूकच नव्हता, तिथे जाळी दगडाच्या वजनावर लोंबायची.

बाद फेरीतला एक सामना खरगोनला होता. मानपूरचा घाट उतरलात की माळवा संपतो आणि निमाड लागतो, आणि ऑक्टोबरातही असं वाटतं की कोणी तरी भट्टीचं दार उघडलं. दुपारी दोनचा सामना. पहिल्या अर्ध्यातच आमच्या पायांत गोळे आले. तिथे आम्हाला थ्रोनं पहिल्यांदा खरा गोल मिळाला: बडवानीचा थ्रो, सुखलियाचं डोकं, कप्तानानं पाय घातला. आणि तिथेच सामना संपल्यावर समोरच्यांनी खंडव्यावर हरकत घेतली. तो दुसऱ्या कॉलेजातून आमच्याकडे पदव्युत्तरला आलेला, म्हणून अपात्र, असं त्यांचं म्हणणं. हरकत म्हणजे लेखी अर्ज, सोबत अनामत रक्कम, आणि तासाभरात निर्णय. सरांनी काखेतली फाइल उघडली. स्थलांतर प्रमाणपत्र, जुन्या कॉलेजचा दाखला, नव्या प्रवेशाची पावती, सगळं क्रमानं, वर पेन्सिलीनं नंबर घातलेलं. समितीनं दहा मिनिटांत हरकत फेटाळली. परतीच्या बसमध्ये फाइलला कोणी हसलं नाही. खंडव्यानं ती मांडीवर घेऊन झोप काढली.

आंतरमहाविद्यालयीन कपाचा अंतिम सामना इंदुरातच झाला. तो आम्ही जिंकला तो निव्वळ ऑफसाइडवर. समोरचा सेंटर फॉरवर्ड आमच्या कोणाहीपेक्षा वेगवान, आणि तोच त्यांचा घात झाला, कारण तो थांबतच नसे. मी "बाहेर!" म्हणायचो, आम्ही चौघं पुढे, झेंडा वर. शेवटी शेवटी तो माझ्याशी भांडायला लागला, मग रेफरीशी, आणि पिवळं कार्ड घेऊन बसला. त्यांचं लक्ष उडालं आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. १-०. कप घेऊन आम्ही रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलो, साबुदाण्याची खिचडी आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला. कप कोणाच्या तरी पाठीवरच्या सॅकमध्ये.

ग्वाल्हेरची स्पर्धा खरं तर नोव्हेंबरात व्हायची होती. पण २०२३ म्हणजे विधानसभेचं वर्ष. १७ नोव्हेंबरला मतदान, ३ डिसेंबरला मोजणी. प्राध्यापकांना निवडणुकीची ड्यूटी, कॉलेजात मतदान केंद्रं, इंदूरचं नेहरू स्टेडियम मोजणीसाठी बंद. स्पर्धा डिसेंबरच्या शेवटावर गेली. मधले हे दिवस फार वाईट. मैदानाला भेगा पडलेल्या, परीक्षा जवळ, आणि क्रिकेटचा वर्ल्डकप चालू. १९ नोव्हेंबरला, अहमदाबादच्या फायनलच्या संध्याकाळी, साहेबांनी सराव ठेवला. चिडचिड करत सगळे आले. सुखलियानं मोबाइल खांबाच्या बुंध्याशी टेकवून ठेवला होता आणि जाता-येता स्कोअर बघत होता. ऑस्ट्रेलियाची भागीदारी जमायला लागली तसा आमचा सराव चांगला व्हायला लागला. शेवटी कोणी मोबाइलकडे फिरकेनाच.

ग्वाल्हेरला रात्रीच्या गाडीनं निघालो, गुना-शिवपुरीच्या बाजूनं. स्लीपरमध्ये सगळ्यांच्या सीटा एकत्र नव्हत्या, त्यामुळे रात्रभर देवाणघेवाण. सकाळी उतरलो तर धुकं इतकं की फलाटाचं टोक दिसेना. इंदूरची थंडी आम्हाला थंडी वाटायची. ग्वाल्हेरला ती काय असते ते कळलं. उतरायची सोय एका वसतिगृहाच्या हॉलमध्ये, सतरंज्या आणि एकेक रजई. अंघोळीला गरम पाणी नाही. त्याबद्दल कोणाला बोलायचं, तर यजमानांची पोरंही तशीच राहत होती.

माझी आत्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळ राहते. ग्वाल्हेरचे मराठी लोक शिंद्यांच्या काळापासूनचे आणि इंदूरच्या मराठी लोकांना थोडं खालीच बघणारे, हे मी हसत हसत लिहितोय, पण आत्यानं पहिल्याच जेवणाला "तुमच्या इंदुरात काय, सगळ्यावर शेव घालतात" असं ऐकवलंच. अख्खा संघ तिच्याकडे एकदा जेवला, पिठलं, भाकरी, ठेचा आणि शेवटी मुरैन्याची गजक. अठरा जणांच्या भाकऱ्या थापायला तिनं शेजारच्या दोघींना बोलावलं होतं. आमचा बडवानी, घरी ज्वारीची भाकरी खाणारा, त्यानं ताटातली भाकरी उलटून पालटून पाहिली आणि म्हणाला, "आत्या, ही बाजरीची आहे ना? थंडीत हीच पाहिजे." त्यानंतर आत्याचं सगळं लक्ष त्याच्याच ताटाकडे.

एका रिकाम्या सकाळी साहेब आम्हाला लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था दाखवायला घेऊन गेले. १९५७ साली, सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा सुरू झालेली, शारीरिक शिक्षणाची देशातली मोठी संस्था. आमची पोरं मैदानांकडे नुसती बघत राहिली. सपाट, हिरवं, आणि लाइन दिसतेय. खंडवा म्हणाला, इथे मी पण पास दिला असता. त्याच्या पासांवर संघात आधीच बरंच बोललं गेलं असल्यानं सगळे हसले.

उपांत्य सामन्यात आम्ही पहिल्यांदा मागे पडलो. कॉर्नरवर माझ्या डोक्यावरून बॉल गेला आणि त्यांनी घातला. ०-१. सामना संपायला पंधराएक मिनिटं राहिली असताना साहेबांनी सुखलियाला हात केला, पुढे जा. स्टॉपरला सेंटर फॉरवर्ड. सुखलिया साइडलाइनशी जाऊन म्हणाला, साहेब, मी कधी पुढे खेळलो नाही. साहेबांनी त्याला जे सांगितलं ते मला शब्दश: ऐकू आलं, कारण मी थ्रो घ्यायला तिथेच होतो: "बासष्टला जकार्तात रहीमसाहेबांनी जर्नैलसिंगला पुढे खेळवलं होतं. डोक्याला टाके होते त्याच्या. तुझ्या डोक्याला काय झालंय?"

ही गोष्ट त्यांनी आम्हाला बऱ्याचदा सांगितलेली. १९६२च्या आशियाई खेळांत भारतानं फायनलला दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण मिळवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, एक जर्नैलसिंगचा, आणि जर्नैलसिंग मुळात बचावपटू. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम तेव्हाच आजारी होते, वर्षभरात गेले. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टी. पण सुखलिया पुढे गेला आणि दोन बॅक त्याला चिकटले, त्यामुळे कप्तान मोकळा सुटला. बरोबरीचा गोल कप्तानाचा. सुखलियाचं डोकं बॉलला लागलंच नाही.

मग टायब्रेकर. इथे धारचं कौतुक करायला हवं. पेनल्टी मारली जाईपर्यंत गोलीचा निदान एक पाय लाइनवर किंवा लाइनच्या वर असावा लागतो, २०१९पासून नियम असा आहे. पुढे सरकून अडवला तर पुन्हा मारायला देतात. साहेबांनी त्याला महिनाभर टाचेखाली चुन्याची रेघ ठेवून उभं केलं होतं, टाच रेघेवरून सरकली की चुना पुसला जायचा आणि शिव्या बसायच्या. तिसरी पेनल्टी त्यानं उजवीकडे झेपावून अडवली. त्यांचे सगळे खेळाडू लाइनमनकडे बघायला लागले. लाइनमन हलला नाही. पुढच्या आमच्या दोन्ही आत गेल्या.

अंतिम सामना ग्वाल्हेरच्याच एका कॉलेजशी, त्यांच्याच मैदानावर. मैदान टणक, खडीसारखं, बॉल गुडघ्याच्या वर उडायचा. धुक्यामुळे सामना दीड तास उशिरा सुरू झाला. ते आमच्यापेक्षा चांगले खेळले. मी हे नम्रपणानं म्हणत नाही. बॉल त्यांच्याकडेच होता आणि आम्ही चौघं नुसते सरकत होतो, दोरी बांधल्यासारखे. धारनं दोन अडवले, एक खांबाला लागला. प्रेक्षक पाचशे तरी असतील, ढोल घेऊन आलेले, आणि आमच्याकडून ओरडायला आत्या आणि तिच्या त्या दोन शेजारणी.

उत्तरार्धात उजवीकडे आम्हाला थ्रो मिळाला. बडवानी सावकाश आला, पंचा उचलला, बॉल पुसला, पंचा नीट घडी करून खाली ठेवला. ढोल वाजतच होता. सुखलिया जवळच्या खांबाशी गेला तसे त्यांचे दोघं त्याच्यामागे गेले, कारण उपांत्य सामना त्यांनी पाहिला होता आणि त्यांना वाटलं हाच काय तो धोका. मी गोलीच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांच्या शेवटच्या बॅकनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या दोन मीटर मागे होतो. तो हसला आणि आपल्या जोडीदाराला घेऊन दोन पावलं पुढे गेला. सापळा. आमच्यावर आमचाच.

बडवानीनं सुखलियाकडे टाकलाच नाही. सरळ माझ्याकडे. बॉल हवेत असतानाच त्यांचे तीन हात वर गेले, ऑफसाइड, ऑफसाइड. त्यांचा गोलीसुद्धा क्षणभर लाइनमनकडे बघत राहिला. लाइनमनचा झेंडा खालीच. मी स्टॉपर, माझ्या पायाला गोल मारायची सवय नाही, म्हणून मी मारलाच नाही, मांडी लावली. बॉल मांडीवरून खांबाच्या आतून आत गेला. असा कुरूप गोल त्या स्पर्धेत दुसरा झाला नसेल.

त्यांचा कप्तान रेफरीकडे धावला. रेफरीनं एक हात डोक्यामागून पुढे आणून थ्रोची खूण केली, आणि मान हलवली. बस्स. पुढची वीस मिनिटं कशी गेली ते विचारू नका. मी फक्त "बाहेर!" ओरडत होतो आणि शेवटी आवाज बसला तेव्हा सुखलिया माझ्याऐवजी ओरडायला लागला. १-०.

बक्षीस समारंभात भाषणं लांबली, आमची गाडी चुकता चुकता वाचली. साहेबांनी कपाला हात लावला नाही, पण बडवानीकडून तो पंचा मागून घेतला. आजोबांना मी नवा घेऊन दिला.

इंदुरात प्राचार्यांनी सत्कार केला, हार, नारळ आणि चहा. प्रवासभत्त्याचं बिल तीनदा परत आलं, कारण एका तिकिटावर दोन नावं होती. सरांनी तिसऱ्यांदा निळी फाइल काढली तेव्हा क्लार्कनंच हात जोडले. मैदानाच्या त्या एका खांबाला मात्र हूक बसला. कप्तान, खंडवा आणि धार त्याच उन्हाळ्यात पास होऊन गेले. नवा गोली मनावरचा आहे, कान तिखट नाहीत, माझी हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आणि थ्रो सगळ्यांना कळला. पुढच्या मोसमात पहिल्याच सामन्यात बडवानी पंचा उचलायला वाकला, तोवर समोरच्यांचा सर्वांत उंच माणूस त्याच्यापासून बरोबर दोन मीटरवर जाऊन उभा, हात पसरून, आणि दुसरा माझ्या पाठीला चिकटलेला, "थ्रोवर ऑफसाइड नसतो भिया" असं मलाच समजावत. साहेबांनी बाहेरून वही बंद केली आणि बडवानीला खूण केली. त्यानं बॉल चार पावलांवर उभ्या असलेल्या साइड हाफच्या पायात टाकला, आणि आमचा उंच माणूस तिकडे, त्यांची दोन उंच माणसं इकडे. मधली जागा रिकामी पडली. तिथून काय करायचं, ते आता बसवतोय.